तिला वकील मिळू द्या

पुण्यात दगडूशेठ गणपतीच्या मागच्या वेश्यावस्तीच्या गल्ल्यांत छापा पडला की दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात : बुधवार पेठेतून बांगलादेशी महिला ताब्यात. आपण चहा घेता घेता वाचतो, ‘बरं झालं’ म्हणतो आणि पान उलटतो. माझं मागणं एवढंच, की त्या बाईच्या बाजूनं वकील उभा राहिला का, हे विचारायला लागा. पेठेत तुमचं दुकान किंवा घर असेल तर जरूर विचारा.

पहिल्या तारखेलाच बरंच काही ठरून जातं. आरोप मराठीत वाचला जातो आणि बाईचं मराठी गिऱ्हाइकापुरतंच असतं. ती घाबरून मान डोलावते. ‘कबूल कर, लवकर सुटशील’ असंही कुणीतरी पढवलेलं असतं. ती सुटत नाही. शिक्षा भोगून झाली तरी तिचा पत्ता बांगलादेशातून पडताळून येईपर्यंत तिला इथंच अडकून पडावं लागतं. चांगला वकील कबुलीच्या आधी विचारतो : तुला आणलं कुणी? काम कसलं सांगितलं होतं? तेव्हा वय काय होतं? पैसे कुणाच्या हातात गेले? उत्तरांतून ती विकली गेली असं दिसलं, तर ती आरोपी नाही, पीडित आहे. अशा परदेशी बाईवर परकीय नागरिक कायद्याखाली खटला चालवू नये, अशी सूचना केंद्रीय गृह मंत्रालयानं १ मे २०१२ रोजी राज्यांना दिली होती. ती १९४६च्या कायद्याच्या काळातली. तो कायदा आता गेला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून नवा लागू झाला. म्हणून मुद्दा शिळा होत नाही, पण कोर्टापुढे तो मांडणारा माणूस हवा.

फी कोण देणार, ही शंका रास्त आहे. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रीला, कोठडीतल्या माणसाला आणि मानवी तस्करीच्या बळीला मोफत वकील मिळतो. त्यासाठी भारतीय असण्याची अट नाही. १५१०० हा नंबर फिरवा, किंवा शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाहेर कुणी ‘सगळं मॅनेज करतो’ म्हणाला तर त्याची सनद मागा. ती बार कौन्सिलकडून मिळते, ओळखीतून नाही.

पेठेतल्या नेपाळी बायकांना सरसकट ‘घुसखोर’ म्हणणंही सोडा. १९५०च्या करारापासून त्यांना इथं राहायला व्हिसा लागत नाही.

आता दुकानदारांशी आणि घरमालकांशी थोडं कडक बोलतो. ‘बिचारीचं आधार काढायचंय, लाइटबिल द्या’ असं कुणी म्हणालं तर देऊ नका. दया म्हणून दिलेल्या त्या कागदावर तिचं खोटं आधार उभं राहतं आणि प्रकरण दुप्पट बिघडतं. परकीय नागरिकांच्या नव्या कायद्यात कागदपत्रांविना आत आल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड आहे, तिथं न्यायाधीशाला सौम्य होता येतं. पासपोर्ट-व्हिसाचे बनावट कागद वापरले किंवा पुरवले तर मात्र किमान दोन वर्षं, कमाल सात. आधार बनावट निघालं तर फसवणुकीची कलमं वेगळी लागतात, आणि तुमच्या लाइटबिलावर नाव तुमचं असतं.

एलएलबी करून ‘इमिग्रेशनमध्ये जायचंय’ म्हणणाऱ्या मुलामुलींची नजर कॅनडा-अमेरिकेच्या व्हिसाकडे असते. तिथं पैसा आहे, नाकारत नाही. पण या शाखेचं सगळ्यात अवघड काम पेठेतल्या फरासखाना पोलीस ठाण्याच्या हद्दीत आहे. विधी सेवेच्या पॅनेलवर नाव द्या. मानधन तुटपुंजं असेल, हे धरून चाला. कामापुरतं बंगाली शिका, किंवा दुभाषा मिळाल्याशिवाय वकालतनाम्यावर अंगठा घेऊ नका. ताब्यातल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीला कळवण्याचा हक्क आहे. बांगलादेशचं उप-उच्चायुक्तालय मुंबईतच आहे. तिथं पत्र पाठवायच्या आधी बापाचं नाव, जिल्हा, थाना लिहून घ्या. लहानपणीच आणलेल्या मुलीला जिल्हा आठवत नाही. शाळेचं नाव, गावचा बाजार, नदी कुठल्या बाजूला होती, एवढं तरी ती सांगते. तेही लिहून घ्या.