फेलोशिप गेली, लायब्ररी उघडली. पण किल्ली आपल्या मुलांच्या हातात आहे का?

नागपूर : डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितलं की मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप आता बंद. अल्पसंख्याक समाजातल्या एम.फिल. आणि पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींसाठी ही योजना सच्चर समितीच्या अहवालानंतर २००९ मध्ये सुरू झाली होती. ज्यांना आधीच मंजूर झाली त्यांची चालू राहिली, नव्यांसाठी दार बंद झालं. त्यावर निवेदनं झाली, मोर्चे झाले, लेख आले. ते व्हायलाच हवं होतं.

पण त्यानंतर दोन वर्षांनी दुसरी एक गोष्ट घडली, आणि तिची चर्चा आपल्या मोहल्ल्यांत जवळपास झालीच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. त्यातून ३० मोठ्या प्रकाशकांची सुमारे १३,००० संशोधन नियतकालिकं देशातल्या ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना खुली झाली. १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू आहे. ज्या एका लेखासाठी बाहेरच्या माणसाला तीस-चाळीस डॉलर, म्हणजे अडीच-साडेतीन हजार रुपये मोजावे लागतात, तो लेख सरकारी विद्यापीठातला विद्यार्थी एक पैसाही न देता वाचू शकतो.

फेलोशिपची जागा लायब्ररी घेऊ शकत नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. लेख फुकट मिळाला म्हणून खोलीचं भाडं भरलं जात नाही. पण फेलोशिप परत येईपर्यंत अभ्यास थांबवून ठेवणंही परवडणारं नाही. म्हणून प्रश्न असा, की जे फुकट आहे ते तरी आपण पुरतं वापरतो का?

आकडे काय सांगतात

उच्च शिक्षणाच्या सरकारी सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये देशात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी कॉलेज-विद्यापीठांत होते. कोरोनाच्या वर्षात, २०२०-२१ मध्ये, ते १९.२१ लाखांवर आले. पुढच्या वर्षी आकडा पुन्हा २१ लाखांच्या वर गेला, म्हणजे आपण जिथे होतो तिथेच परत आलो. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला वाटा १४.२ टक्के, आणि उच्च शिक्षणातला पाच टक्क्यांच्या आतबाहेर.

कॉलेजात पोचल्यावरही अडचण संपत नाही. नागपुरात घरात उर्दू किंवा दखनी वळणाची हिंदी, शाळा उर्दू किंवा मराठी माध्यमाची, आणि एम.ए., एम.एस्सी. ला गेलं की सगळी पुस्तकं इंग्रजी. तिसऱ्या भाषेत वाचायचं, आणि तेही मोबाईलच्या पाच इंची पडद्यावर. अशा वेळी कोण मदत करतं? बहुतेक वेळा झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्स, नाहीतर ‘प्रोजेक्ट करून देऊ, थिसिस लिहून देऊ’ म्हणणारा माणूस. पैसे तिथे जातात आणि हातात काही राहत नाही.

दार कोणतं, हे आधी ओळखा

‘इंटरनेटवर सगळं फुकट आहे’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. फुकट साधनांचे दोन प्रकार आहेत. एक, जे संस्थेमार्फत मिळतं. दोन, जे कुणालाही मिळतं.

वन नेशन वन सबस्क्रिप्शन पहिल्या प्रकारात मोडतं. या टप्प्यात ते केंद्र आणि राज्य सरकारच्या शिक्षण व संशोधन संस्थांसाठी आहे. १९२३ मध्ये स्थापन झालेलं आपलं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ राज्य विद्यापीठ आहे. पण नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत विद्यापीठाला जोडलेली बरीच कॉलेजं खासगी संस्थांची आहेत, आणि आपली बहुतांश मुलं तिथेच शिकतात. पदवीवर विद्यापीठाचं नाव आहे म्हणजे कॉलेजला ही सोय आपोआप मिळाली असं नाही. म्हणून पहिलं काम गुगल उघडणं नव्हे, ग्रंथपालाला भेटणं. तीन गोष्टी विचाराव्यात :

१. आपली संस्था वन नेशन वन सबस्क्रिप्शनमध्ये नोंदलेली आहे का? नसेल तर कॉलेजांसाठीच्या एन-लिस्ट या सेवेतून काय मिळतं?

२. घरून वापरण्यासाठी लॉगिन कसं मिळेल? गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘इन्फेड’ नावाची सोय त्यासाठीच आहे. संस्थेने नाव नोंदवलं की कॅम्पसबाहेरूनही लेख उघडतात.

३. लॉगिन मिळाल्यावर ते वापरायला कोण शिकवेल?

दुसरा प्रश्न मुलींसाठी फार महत्त्वाचा आहे. संध्याकाळी उशिरापर्यंत लायब्ररीत बसणं ज्यांना जमत नाही, कामठीहून किंवा वाडीहून ज्या रोज बसने ये-जा करतात, त्यांच्यासाठी घरून चालणारं लॉगिन म्हणजेच लायब्ररी. पीएच.डी.ला प्रवेश घेऊन लग्नानंतर दुसऱ्या गावी गेलेल्या मुलीचा अभ्यास टिकेल की सुटेल, हे कधीकधी एवढ्यावर ठरतं.

लॉगिन नसेल तरी काय मिळतं

दुसऱ्या प्रकारची साधनं सगळ्यांना खुली आहेत. त्यातली कामाची मोजकीच सांगतो.

शोधगंगा : देशभरातल्या विद्यापीठांचे लाखो पीएच.डी. प्रबंध इथे पूर्ण वाचता येतात. विषय ठरवण्याआधी इथे यावं. आपल्या विषयावर आधी कुणी काम केलं, कोणत्या विद्यापीठात केलं, आणि काय राहून गेलं ते कळतं. प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची तर तयार वाचनयादीच असते. तिथून उतरवायचं मात्र काही नाही.

नॅशनल डिजिटल लायब्ररी : आयआयटी खरगपूरने उभी केलेली ही लायब्ररी २०१८ मध्ये देशाला अर्पण झाली. वैयक्तिक नोंदणी करता येते, कॉलेजची अट नाही.

स्वयम : अभ्यासक्रम फुकट, परीक्षा द्यायची असेल तरच फी. विद्यापीठाची मान्यता असेल तर इथले क्रेडिट पदवीतही धरले जातात. ई-पीजी पाठशाला हे एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.च्या मुलांसाठी यूजीसीने तयार करून घेतलेलं साहित्य आहे.

मराठी विश्वकोश आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश : दोन्ही ऑनलाईन आणि फुकट. इंग्रजी लेखात अडलेली संज्ञा इथे मराठीत पाहिली की परिच्छेद उलगडतो. उर्दूतली जुनी पुस्तकं लागत असतील तर रेख्ताची ई-बुक लायब्ररी आहे.

कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचे निकाल २०२३ पासून ‘ई-एससीआर’वर मोफत आहेत. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे सरकारी खंडही ऑनलाईन मिळतात.

एक उदाहरण घेऊन पाहू

समजा समाजशास्त्रात एम.ए. करणाऱ्या मुलीला मोमिनपुरा आणि कामठीच्या विणकरांवर प्रबंधिका लिहायची आहे. बजेट शून्य. ती काय करू शकते?

आधी शोधगंगेवर नागपूर, हातमाग, विणकर, मोमिन असे शब्द इंग्रजीत वेगवेगळ्या स्पेलिंगने टाकून पाहावेत. मग गुगल स्कॉलर. तिथे नुसता विषय टाकला तर हजारो निकाल येतात आणि माणूस गोंधळतो. म्हणून पूर्ण शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाकायचा, डावीकडे वर्षांची मर्यादा घालायची. एक चांगला लेख सापडला की त्याखालचं ‘सायटेड बाय’ दाबायचं. त्या लेखाचा आधार पुढे कुणी-कुणी घेतला ते समोर येतं. लेख पैसे मागत असेल तर ‘ऑल व्हर्जन्स’ पाहायचं. पुष्कळदा तोच लेख लेखकाने आपल्या विद्यापीठाच्या पानावर मोफत ठेवलेला असतो.

जुन्या काळासाठी रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा १९१६ चा चार खंडी ग्रंथ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आहे. त्यात जुलाहा, बहना म्हणजे पिंजारी, यांच्यावर स्वतंत्र नोंदी आहेत. हा ग्रंथ इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेतून लिहिलेला आहे, त्यामुळे त्यातली मतं जशीच्या तशी उचलायची नाहीत. त्या काळी सरकार आपल्याकडे कसं पाहत होतं याचा पुरावा म्हणून वाचायची. आजच्या स्थितीसाठी २००६ चा सच्चर अहवाल आणि २०११ च्या जनगणनेचे तक्ते आहेत.

हे सगळं महिनाभरात घरी बसून जमतं. पण जे इंटरनेटवर नाही तेच तिच्या गल्लीत आहे. मागावर बसलेल्या म्हाताऱ्या बुजुर्गांच्या आठवणी, बंद पडलेल्या सोसायट्यांची कागदपत्रं. फुकट साधनांनी वाचलेला वेळ आणि पैसा तिथे लावला तर तिचं काम कुठल्याही मोठ्या विद्यापीठातल्या कामापेक्षा कमी ठरणार नाही.

फुकटातले खड्डे

पहिला खड्डा चोरीच्या साईटचा. साय-हबविरुद्ध मोठ्या प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ती साईट ब्लॉक करण्याचा आदेश दिला. ज्ञान महाग असावं का, हा वाद मोठा आहे, आणि विद्यार्थ्यांची बाजू त्यात कमजोर नाही. पण आपल्या मुलाने अभ्यास अशा साईटच्या भरवशावर ठेवू नये. त्यापेक्षा लेखकाला सरळ ई-मेल करावा. लेखावर पत्ता दिलेला असतो. मी अमुक विद्यापीठाचा विद्यार्थी, विषय हा, आपला लेख हवा आहे. एवढ्या तीन ओळी पुरतात. अनेक प्राध्यापक आनंदाने प्रत पाठवतात.

दुसरा खड्डा बोगस नियतकालिकांचा. ‘दोन दिवसांत पेपर छापू, सर्टिफिकेट देऊ, फक्त दोन हजार’ असे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने मान्यताप्राप्त नियतकालिकांची केअर यादी बंद केली, त्यामुळे खरं-खोटं पाहण्याची जबाबदारी आता विद्यार्थ्यावर आणि गाईडवर आली. शिवाय प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची सक्ती नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही. आपल्या विद्यापीठाचा नियम काय, तो लेखी पाहावा आणि मगच पाकिटाला हात घालावा. मोफत वाचता येणारं नियतकालिक खरं आहे का, हे पाहायला डीओएजे ही यादी उपयोगी पडते.

तिसरा खड्डा नकलेचा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. त्यापुढे चाळीसपर्यंत दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागतो, साठपर्यंत वर्षभर प्रबंध देता येत नाही, आणि साठच्या वर नोंदणीच रद्द. ‘लिहून देणारे’ पैसे घेऊन मोकळे होतात; शिक्षा विद्यार्थ्याला भोगावी लागते.

चौथा, नवा खड्डा एआयचा. चॅटजीपीटीसारखी साधनं अवघड परिच्छेद सोपा करून सांगायला चांगली आहेत. पण संदर्भ मागितले तर ती कधीकधी अस्तित्वातच नसलेले लेख, नसलेली पानं अगदी खऱ्यासारखी देतात. प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याशिवाय प्रबंधात घालू नये.

समाजाने काय करायचं

आपल्याकडे शिष्यवृत्ती म्हटलं की फी आणि वह्या-पुस्तकं एवढंच डोळ्यांसमोर येतं. देणाऱ्यांची नियत साफ आहे, पण गरज बदलली आहे. पुस्तकं आता बरीच फुकट आहेत. कमी पडतो तो लॅपटॉप, शांत टेबल आणि रस्ता दाखवणारा माणूस.

मोमिनपुरा, जाफरनगर, हसनबाग, ताजबाग, कामठी. यातल्या प्रत्येक वस्तीत संस्थेची, मशिदीला लागून असलेली किंवा शाळेची एखादी खोली सापडेल. तिथे चार जुने पण चालू संगणक, वायफाय, आणि मुलींसाठी ठरलेली वेळ. महिन्यातून एका रविवारी एखाद्या ग्रंथपालाला किंवा पीएच.डी. झालेल्या मुलाला बोलवायचं, आणि शोधगंगा कशी वापरायची, संदर्भ सांभाळायला झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर कसं वापरायचं, हे हातात माऊस देऊन शिकवायचं. एका जलशाच्या मंडपाला लागतो त्याहून कमी खर्चात हे वर्षभर चालेल.

सरकारकडे मागणं सोडायचं नाही. बंद झालेल्या फेलोशिपची मागणी राहू द्या, अल्पसंख्याकांसाठी राज्याने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेली ‘मार्टी’ ही संस्था प्रत्यक्षात काय देते याचा पाठपुरावा करा. त्यात आणखी एक मागणी जोडा : वन नेशन वन सबस्क्रिप्शन खासगी कॉलेजांतल्या मुलांपर्यंत आणि सार्वजनिक वाचनालयांपर्यंत पोचलं पाहिजे. सध्याची मंजुरी २०२७ पर्यंतच आहे, म्हणजे ही मागणी करण्याची वेळ आत्ताची आहे. ज्या योजनेवर सहा हजार कोटी खर्च होतात, ती कॉलेजची मालकी कुणाची यावरून अडू नये.

आणि घरातलं काम तर आजच होऊ शकतं. आपला मुलगा किंवा मुलगी कॉलेजात असेल तर जेवताना एवढंच विचारा : तुझं लायब्ररीचं लॉगिन आहे का? नसेल तर उद्या कॉलेजातून आणायला सांगा.