कान, वारं आणि वाटीतलं तेल

पावसाची झड लागली की आपल्याकडे कानाची तक्रार हमखास हवेच्या माथी मारली जाते. ‘वारं लागलं’ म्हणायचं, कोमट तेल सोडायचं, वर कापसाचा बोळा. सर्दीचा दडा असेल तर काही दिवसांत तो सुटतोही, आणि श्रेय तेलाला जातं! पण ७२ तासांच्या आत, बहुधा एकाच कानाचं, ऐकणं एकदम घटतं तो प्रकार आतल्या कानाचा. गायिका अलका याज्ञिक यांनी २०२४ मध्ये अचानक ऐकू येईनासं झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा डॉक्टरांनी विषाणूकडे बोट दाखवलं होतं.

मग हवेचं काय? दाब, तापमान, ऋतू यांच्याशी रुग्णसंख्या ताडून पाहणारे अभ्यास जर्मनी, तैवान, कोरियात झाले. निष्कर्ष जुळत नाहीत. आतल्या कानाला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमनीला पर्यायी वाट जवळपास नाही, म्हणून हवा तिथला रक्तप्रवाह बिघडवत असेल, हा संशय अगदीच वेडगळ नव्हे. इतकंच.

आतल्या कानाच्या या प्रकारात स्टेरॉइडचा उपयोग होतो तो मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांत, आणि नेमके तेच दिवस तेलात जातात. दडा की आतला बिघाड हे ओळखायला डॉक्टर कपाळावर नादकाटा टेकवतात: आवाज बंद कानाकडे ओढला गेला तर बहुधा दडा किंवा मळ, चांगल्या कानाकडे गेला तर बिघाड आत.