वाढ आधी लिहायची, चालवायची नंतर!

दिवसभर मार्केटिंग, फायनान्स नाहीतर एचआर, आणि वीकेण्डला कोडिंग... अशी मंडळी एका ठिकाणी हमखास अडखळतात. फॉर लूप! सिंटॅक्स तोंडपाठ, सेमीकोलन जागच्या जागी. पण 'आउटपुट काय येईल?' विचारलं की चेहरा कोरा.

सी किंवा जावामध्ये फॉरच्या कंसात तीन गोष्टी ओळीने असतात: सुरुवात, अट आणि वाढ. आपण डावीकडून उजवीकडे वाचत सुटतो. कम्प्युटरचा फंडा वेगळा. सुरुवात एकदाच. मग अट तपासायची. ती खरी असेल तर खालचं काम. मग वाढ. की पुन्हा अट. म्हणजे वाढ लिहिलेली असते कामाच्या आधी, पण चालते कामानंतर!

आता सांगा. एन १ पासून सुरू, अट 'एन ५ किंवा त्याहून कमी', दर फेरीला १ वाढ. लूप संपल्यावर एन किती? ५ म्हणालात ना? चूक, ६! त्याशिवाय अट खोटी कशी ठरणार? काम झालं ५ वेळा, अट तपासली ६ वेळा.

हा नुसता परीक्षेतला खडूसपणा नाही, बॉस. ३१ डिसेंबर २००८ ला, ऐन थर्टीफर्स्टला, मायक्रोसॉफ्टचे ३० जीबीचे झून म्युझिक प्लेयर ठप्प झाले. तारीख काढणारा एक लूप 'दिवस ३६५ पेक्षा जास्त' असेपर्यंत फिरायचा. २००८ लीप वर्ष, म्हणून आकडा ३६६. पण लीप वर्षात वजाबाकी व्हायची ती दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील तरच. म्हणजे लूप चालू, वजाबाकी बंद. बसला फिरत! बॅटरी उतरू द्या आणि १ जानेवारीला चार्ज करा, हाच काय तो इलाज.

३६६ हा एक आकडा घेऊन कुणी कागदावर ड्राय रन केला असता, तर हे दोन मिनिटांत दिसलं असतं. तेव्हा चार रकाने आखा: फेरी, किंमत, अट खरी की खोटी, आउटपुट. पहिली आणि शेवटची फेरी नीट तपासा. आज एआय लूप चुटकीसरशी लिहून देतो, मान्य. पण तो थांबणार कुठे, हे तुम्हाला सांगता यायला हवं.

होमवर्क: वरच्या लूपची सुरुवात ६ पासून केली तर काम किती वेळा होईल? आणि हो, रन बटण दाबायचं नाही!