राबाचा धूर आणि लाकडातलं सिमेंट

चैत्र सरत आला की पेणहून रोह्याला जाणाऱ्या एस.टी.च्या खिडकीतून एक ओळखीचा वास आत येतो. नागोठणं मागे पडतं, गाडी भिसे खिंडीकडे वळते आणि खाचरांतून निळसर धूर उठताना दिसतो. राब भाजण्याचे दिवस! शेणाचा थर, त्यावर ऐन-किंजळीची वाळलेली कवळं, वर पातेरा आणि गवत, सगळ्यावर बारीक माती. मग वारा बघून काडी लावायची. ज्यांचं आजोळ या भागात आहे त्यांना तो वास मे महिन्याच्या सुट्टीचा वाटतो. त्या वासाचा मोठा वाटा लिग्निन नावाच्या द्रव्याचा आहे.

नाव परकं वाटलं तरी ओळख स्वयंपाकघरातली आहे. कोवळी भेंडी कडकन मोडते, जून भेंडी नुसती वाकते आणि चावून चोथा उरतो. हे जून होणं म्हणजे बहुतांशी लिग्निन साठणं. लाकूड या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून द कॅन्डोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानं १८१३ साली हे नाव दिलं. स्लॅबमध्ये सळ्या आणि सिमेंट असतं ना, तसंच झाडात सेल्युलोजचे धागे म्हणजे सळ्या आणि लिग्निन म्हणजे सिमेंट. लाकडाचा साधारण पाव हिस्सा हेच असतं. ते नसतं तर ऐन उभा राहिला नसता आणि मुळांचं पाणी शेंड्यापर्यंत चढलंही नसतं, कारण खोडातल्या नळ्यांना आतून पक्कं अस्तर त्याचंच असतं.

निसर्गानं हे सिमेंट इतकं चिवट केलं आहे की ते फोडणारे फार थोडे. गाईबैलांनाही ते पचत नाही. खरं काम करतात बुरशा; पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यावर उगवणाऱ्या छत्र्या त्यांच्याच. त्यांना वर्षं लागतात, पण त्या कुजण्यातून जी काळी, पाणी धरून ठेवणारी माती तयार होते, तिच्यावर जंगल जगतं. राबात तेच काम एका दुपारी उरकतं. राख खाली राहते, बाकीचं आकाशात जातं.

म्हणून शेतकऱ्याला अडाणी ठरवायचं का? मुळीच नाही. राबाच्या धगीनं तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं आणि रोप जोमदार येतं. हा वाद नवा नाही. १८८० च्या दशकात ठाणे आणि कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांत जंगलखातं आणि शेतकरी यांच्यात कवळं तोडण्यावरून तंटे झाले. भारतीय शेती पाहायला आलेल्या डॉ. व्होलकर या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १८९३ च्या आपल्या अहवालातही राबाची चर्चा केली आहे. भाजणं उपयोगी आहे, पण खाचरातल्या चार वाफ्यांसाठी डोंगर बोडका होतो, ही अडचण तेव्हाही होती. उघड्या डोंगरावरची माती पहिल्या पावसात वाहून जाते आणि पाणी मुरायला काही उरत नाही.

कारखानदारांचीही लिग्निनशी झटापट चालू आहे. चांगला कागद करायचा तर ते रसायनांनी काढून टाकावं लागतं. निघालेलं काळं पाणी आटवून गिरणीच्या भट्टीतच जाळतात. वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदात ते बरंचसं राहतं, म्हणून उन्हात ठेवलेला अंक पिवळा पडतो. गंमत म्हणजे काँक्रीट सहज वाहावं म्हणून त्यात जे मिसळतात, त्यातलं एक द्रव्य लाकडातल्या या सिमेंटपासूनच होतं.

पर्याय याच जिल्ह्यात निघाले आहेत. गादीवाफ्यावर न भाजताही चांगली रोपं होतात. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या पद्धतीत तर नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही, त्यामुळे राबही नाही. कापणीनंतर भाताची मुळं जमिनीतच कुजू देतात. बुरशांचं काम बुरशांना करू द्यायचं, एवढंच. मात्र तिथे तणनाशक वापरावं लागतं, हे आम्हाला खटकतं.

राबावर बंदी घाला, असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. खिंडीपलीकडे एका शेतकऱ्याला आम्ही हे विचारलं. कवळं तोडायचा त्रास त्यालाही नको आहे. "पण तण कोण काढणार, दादा? दोन्ही पोरं धाटावला कारखान्यात पाळीला जातात. मजूर मिळत नाय." कृषिखात्याची पत्रकं या प्रश्नापाशी गप्प होतात. तण काढायचं साधं, स्वस्त हत्यार आणि पहिल्या वर्षी पीक कमी आलं तर थोडा आधार, एवढं मिळालं तर राब आपोआप कमी होईल.

त्यानं एका खाचरात मागच्या भाताची मुळं तशीच ठेवली होती. बाकीच्यांत धूर निघत होता.