पहिल्या टेबलाला खण हवाच

सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे काम शिकावं, असं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलं आहे. आमच्या श्रीरामपूरच्या शाळांनी या दिवसांत मुलांना सुतारकाम नुसतं दाखवून आणू नये. गटागटानं एकेक टेबल करू द्यावं, आणि त्याला खण असावाच.

खणाचा आग्रह मी अनुभवानं धरते. यंदाच्या उन्हाळ्यात मी माझं पहिलं टेबल केलं. बिनखणाचं टेबल जरा तिरकं असलं तरी उभं राहतं. खण मात्र सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग चुकला, तरी अडतो.

लाकूड बेलापुरातल्या पाडलेल्या जुन्या घराच्या चौकटीचं, मुरलेलं सागवान. मला शिकवणाऱ्या सुतार मिस्त्रींनी करवतीआधी कागद पुढे केला. उंची तीस इंच, वरची फळी एक इंच, गुडघ्यांसाठी चोवीस इंच मोकळे. खण आणि त्याखालची पट्टी मिळून पाचच इंच उरले. मला हवा होता तो खोल खण त्यात बसेना.

"ताई, आत्ता मे आहे. जुलै धरून मापं घ्या," मिस्त्री म्हणाले. कोरड्या उन्हात लाकूड आटतं, पावसाळी हवेत फुगतं. तेही रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून खणाच्या वर फट ठेवायची. तळाची फळी खाचेत नुसती सरकवायची, चिकटवायची नाही. दर्शनी फळी रोज ओढली जाणार, तेव्हा तिचा भार खिळ्यांवर टाकायचा नाही; पाचरीसारखे दात पटाशीनं कोरून एकमेकांत बसवायचे. याला डव्हटेल म्हणतात. ओढलं तरी तो सांधा सुटत नाही. शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे भरले तर खण काटकोनात. आयताचा हा गुणधर्म मी आठवीला वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवला. इथं तो टेपनं मोजला.

गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला मांडलेल्या नई तालीमचा गाभा हाच होता: हातातल्या कामातूनच गणित, विज्ञान, भाषा.

पटाशी लागेल, ही पालकांची भीती खरी आहे. म्हणून पहिला धडा तोच: लाकूड शिकंज्यात घट्ट, दोन्ही हात धारेच्या मागे. दहा दिवस सलग न घेता शनिवारी विभागून घ्यावेत, घाई होणार नाही. आणि मिस्त्रींना शाल-श्रीफळावर बोळवू नये. त्यांचे कामाचे दिवस जातात. शिक्षक म्हणून पूर्ण मजुरी द्यावी.