रस्ता, नाली आणि घरपट्टी

मृग नक्षत्र लागलें कीं वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगांव ह्या आमच्या जिल्ह्यांतील शहरांत घरोघर एकच विषय निघतो. वैशाखांत घातलेलें डांबर आषाढाच्या पहिल्या झडींत उखडतें, गिट्टी मोकळी होऊन नालीच्या तोंडाशीं जमते, आणि खड्ड्यांत सांचलेल्या पाण्यावरून त्याची खोली ओळखण्याचें काम दुचाकीवरून शिकवणीस जाणाऱ्या मुलामुलींवर येऊन पडतें. मग ओट्यावर बसून निवाडा होतो : कंत्राटदारानें डांबर चोरलें, नगरपालिकेनें डोळे मिटले. ह्या निवाड्यांत तथ्य नसतेंच असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु डांबर पुरेपूर घातलें असतें तरी त्यांतले बरेच रस्ते टिकले नसते, हें सांगावयास कोणी धजत नाहीं. खरा वैरी पाणी आहे. आणि त्या पाण्याची वाट अडविणारांत आपला ओटाहि आहे.

वर्ध्याची जमीन काळी. ह्या मातीनें येथील कापसाला नांव मिळवून दिलें, पण रस्त्यास तिच्यासारखी दुष्ट माती नाहीं. वर्षाकाठीं सुमारें १,००० मिलिमीटर, म्हणजे ४० इंचांच्या आसपास पाऊस येथें पडतो, व त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. तेवढें पाणी पिऊन ही माती फुगते व लोण्यासारखी मऊ होते. शिमग्यानंतर ती आकसूं लागते, आणि वैशाखांत तिला अशा भेगा पडतात कीं हातांतील काठी सहज आंत जावी. ज्यांनीं येथें घर बांधलें आहे त्यांस हें सांगावयास नको. पाया खणतांना मुरूम लागेपर्यंत खालीं जावें लागतें, मग खर्च कितीहि येवो. रस्त्यास तसें करावयाचें म्हटलें तर कुबेराचें भांडार हवें. म्हणून काळ्या मातीवर मुरूम, मुरमावर गिट्टी व गिट्टीवर डांबराचा पातळ थर अशी रचना करितात. फुगणाऱ्या व आकसणाऱ्या अंगावर शिवलेली ही घट्ट बंडीच होय. ती कोठें ना कोठें उसवणारच. मातींत शंभरास तीन ते पांच भाग चुना मिसळून दाबली तर तिचें फुगणें पुष्कळ कमी होतें, हा उपाय स्थापत्यशास्त्रांत सिद्ध झालेला आहे. पण तो नवा रस्ता बांधतेवेळींच करतां येतो.

ज्याच्या नांवानें गिट्टीच्या रस्त्यास अद्यापि ‘मॅकॅडम’ म्हणतात त्या जॉन लाउडन मॅकॲडम (१७५६-१८३६) ह्या स्कॉटिश गृहस्थानें दोनशें वर्षांपूर्वीं एक साधी गोष्ट शिकविली. गाडीचें ओझें शेवटीं मूळची जमीनच पेलते, आणि ती कोरडी आहे तोंवर पेलते. म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीहून उंच असावा, त्यावर बारीक फोडलेली खडी एकमेकींत गुंतून बसावी, आणि पाणी वरून किंवा बाजूनें आंत शिरूं नये. ह्या दृष्टीनें पाहतां गल्लींतील डांबराचा पातळ थर ही छत्री आहे, खांब नव्हे. रस्त्याच्या मध्यापासून कडेपर्यंत चाळीस-पन्नास हातांस एक हात असा उतार असला म्हणजे पाणी छत्रीवरून ओघळावें तसें नालींत जातें. उतार मोडला, किंवा नाली तुंबली, कीं तें जागींच थांबतें. केसाएवढ्या भेगेंतून आंत शिरतें. वरून चाक गेलें कीं आंतील पाणी दाबलें जाऊन दगडावरचें डांबर सोडवितें, बारीक चुरी बाहेर फेंकतें. मागून येणारें चाक तीच क्रिया पुढें चालवितें. आठ दिवसांत वाटीएवढा खळगा परातीएवढा होतो. ह्या वेळीं त्यांत नुसता मुरूम लोटणें म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आमच्या पूर्वजांस हें कळत नव्हतें असें नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत नगराच्या अधिकाऱ्याचीं कर्तव्यें सांगतांना रस्त्यांत केरमाती टाकणारास एक अष्टमांश पण दंड सांगितला आहे. पण चिखलपाणी अडवून ठेवणारास त्याच्या दुप्पट, म्हणजे पाव पण. राजमार्गावर हाच अपराध घडल्यास दंड पुनः दुप्पट. केर दिसण्यास ओंगळ, तरी तो झाडतां येतो. तुंबलेलें पाणी मार्गाचाच नाश करितें, हा भेद त्या काटेकोर बुद्धीनें अचूक हेरला होता.

आतां पैशाकडे वळूं. कारण नगरपालिकेचें उत्तर ठरलेलें असतें, कीं निधि नाहीं. हें उत्तर अगदींच खोटें नव्हे. बॅ. मुकुंदराव जयकर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं १९२७ सालीं नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून १९२९ च्या मार्चपासून पेट्रोलवर गॅलनमागें दोन आणे जादा कर बसला, व तो रस्त्यांसाठीं राखून ठेवण्यांत आला. पुढें डिसेंबर १९४३ मध्यें सर्व प्रांतांचे मुख्य अभियंते आमच्या शेजारच्या नागपुरांतच जमले, व त्यांनीं राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग व गांवरस्ते अशी वर्गवारी करून वीस वर्षांची योजना आंखली. तिच्यामुळें देशास रस्ते मिळाले. पण शहरांतील गल्लीबोळ त्या वर्गवारींत नव्हते. ते नगरपालिकेच्या माथीं राहिले, व १९९२ सालच्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें रस्ते व पूल हा विषय बाराव्या परिशिष्टांत घालून त्यावर शिक्काच मारला. इकडे १९९९ सालीं महाराष्ट्रांतील नगरपरिषदांची जकात बंद झाली व तिच्या जागीं सरकारी अनुदान आलें. पंधराव्या वित्त आयोगाचें २०२१ ते २०२६ ह्या काळाचें अनुदान घेतलें, तरी लहान शहरांसाठीं त्यांतला मोठा भाग पाणी व स्वच्छता ह्यांसच बांधून दिलेला होता. मोटारगाडीवाला पेट्रोलबरोबर जो कर भरतो तो दूर जातो. त्याच्या दारापुढील रस्ता मात्र घरपट्टीवर जगतो. ती घरपट्टी भरण्यांत सुशिक्षितांचीं घरें नेहमींच अग्रेसर असतात, असें छातीवर हात ठेवून कोण म्हणेल ?

हिंगणघाट व वर्धा हीं दोन्ही शहरें २०११ च्या शिरगणतींत लाखाच्या किंचित वर गेलीं. लाखाच्या शहरास लाखाचे रस्ते लागतात, उत्पन्न मात्र त्या मानानें वाढत नाहीं. रात्र थोडी आणि सोंगें फार. अशा स्थितींत थोडा पैसा कोठें घालावा हाच खरा प्रश्न आहे. आमचें मत असें कीं, नवीन थराचा हट्ट आधीं सोडावा. जुन्यावर नवा, नव्यावर आणखी नवा असे थर चढत जाऊन आमच्या शहरांतील कित्येक जुन्या घरांची अशी अवस्था झाली आहे कीं पूर्वीं तीन पायऱ्या चढून जेथें जावें लागे तेथें आतां एक पायरी उतरावी लागते; पावसाचें पाणी मग माजघरापर्यंत येतें, आणि जात्याच थकलेल्या म्हाताऱ्या माणसांस रात्रीं खाटेवर पाय घेऊन बसावें लागतें. नवा थर घालावयाचाच तर जुना आधीं खरवडून काढावा. परंतु त्याहूनहि आधीं नाली. शंभर रुपयांतले पहिले चाळीस नाली मोकळी व उताराची करण्यास घालावे, पुढचे तीस भेगा बुजविण्यास. मग जें उरेल त्यांतून डांबर.

खड्डा बुजविण्याचीहि रीत आहे. त्याच्या कडा चौकोनी व उभ्या कापाव्या, आंतील माती व पाणी काढून तो कोरडा करावा, तळास व कडांस पातळ डांबर लावावें, मग डांबरी खडी थरांनीं भरून ठोकून घट्ट करावी. हें काम पावसांत साधत नाहीं. फाल्गुनांत एक मनुष्य जें करील तें श्रावणांत दहांकडून होणार नाहीं. अलीकडे डांबरांत टाकाऊ प्लास्टिक घालण्याची रीत निघाली आहे. मदुरेचे प्राध्यापक राजगोपालन् वासुदेवन् ह्यांस त्याबद्दल २०१८ सालीं पद्मश्री मिळाली. तापलेल्या खडीवर प्लास्टिकाचा लेप बसला म्हणजे पाणी डांबरास सहजासहजीं सोडवूं शकत नाहीं. रीत चांगली आहे, मात्र नाली तुंबलेली असेल तेथें तिचेंहि कांहीं चालावयाचें नाहीं.

सिमेंटच्या रस्त्याविषयीं लोकांस फार मोह आहे. अरुंद बोळांत, जेथें मोरीचें पाणी वाहातेंच, तेथें तो योग्यहि आहे. पण नळ व गटाराच्या नळ्या आधीं, आणि सिमेंट मागाहून, हा क्रम मोडला कीं केलेला खर्च कुदळीखालीं जातो. २०१५ सालीं सुरू झालेल्या केंद्राच्या अमृत योजनेंत वर्धा व हिंगणघाट दोन्ही होतीं. अशा योजनांत जमिनीखालून नळ्या न्यावयाच्या म्हणजे रस्ता खणणें आलेंच, व तें सोसलें पाहिजे. मात्र खणलेला चर निघालेल्या काळ्या मातीनेंच बुजवूं देऊं नये. त्यांत मुरूम थराथरानें घालून, पाणी मारून, धुमसानें ठोकावा. नाहींतर पहिल्याच पावसांत तो हातभर खचतो. आपल्या दारापुढें हें काम चाललें असतां घरांतील निवृत्त मंडळींनीं खुर्ची टाकून तेवढें पाहात बसावें. वृत्तपत्रापेक्षां तें अधिक उपयोगी वाचन आहे.

जड गाड्यांचा प्रश्नहि ह्यांतच येतो. अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत १९५८ ते १९६० ह्या काळांत मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर गाड्या फिरवून पाहण्यांत आल्या. आंसावरील भार दुप्पट झाला कीं रस्त्याची हानि सुमारें सोळापट होते असें तेथें आढळलें. गल्लींत घर बांधणाराचा रेतीचा एक भरगच्च टिप्पर आंत आला, तर मुलांच्या सायकली व दुचाक्या मिळून वर्षभरांत जें करीत नाहींत तें तो एका फेरींत करून जातो. शिवाय ती रेती व गिट्टी ओतली जाते रस्त्यावरच, आणि तेथून पहिल्या सरीबरोबर नालींत.

मुंबई उच्च न्यायालयानें २०१५ सालीं चांगला रस्ता हा नागरिकाच्या जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरांत खड्ड्यामुळें मृत्यु झाल्यास ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. रक्कम आधीं रस्ता ज्या संस्थेचा तिनें द्यावयाची. न्याय योग्यच आहे. तथापि गेलेला मुलगा ६ लाखांनीं परत येत नाहीं, आणि तेवढ्या पैशांत गल्लींतील नालीचें पुष्कळ काम झालें असतें.

म्हणून चैत्र-वैशाखांत, नगरपालिकेचीं माणसें नाल्या उपसण्यास निघण्यापूर्वीं, प्रत्येक घरानें आपल्या दारापुढें पाहावें. ओट्याची फरशी नालीवर पुढें आली आहे काय ? मोटार आंत घेण्याकरितां केलेला सिमेंटचा उतार नालींतच भरला आहे काय ? मुलाच्या मौंजीच्या मांडवाकरितां पहारीनें पाडलेलीं भोकें तशींच आहेत काय ? फरशी एकदां उचलावी. खालीं वीतभर गाळ निघाल्यास तो काढून रस्त्यावर न ठेवतां टोपल्यानें दूर न्यावयास लावावा, व फरशी पुनः बसवितांना ती उचलतां येईल अशी, सिमेंट न लावतां, बसवावी.