कांदा चाळीला वरून वाट नसेल तर तळाची फट निम्मीच कामाची

चाळी भरायचा हंगाम आला की आपल्याकडं चर्चा फक्त दोनच गोष्टींची. भाव काय निघणार आणि चाळीत किती टन बसणार. चाळीत हवा कशी फिरणार, हे कोणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे, टनाआधी हवेचा विचार करा.

भाव आपल्या हातात नाही. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी आली. नेप्ती असो, घोडेगाव असो, आपण गाडी घेऊन उभं राहायचं आणि मिळेल तो आकडा ऐकायचा. आपल्या हातात एकच ताकद आहे, थांबायची. आणि थांबायचं तर कांदा टिकला पाहिजे. एन-2-4-1 सारखं टिकाऊ वाण लावलं तरी कोंडलेल्या हवेत ते किती दम धरणार?

आता हवेचा हिशोब बघा. हवा तापली की फुगते, म्हणून तेवढ्याच जागेतली हवा हलकी होते. नगर समुद्रसपाटीपासून साधारण 650 मीटर उंचीवर आहे. इथं हजार लिटरच्या टाकीत 27 अंशाची हवा भरली तर तिचं वजन साधारण 1 किलो 90 ग्रॅम. तीच हवा 37 अंशाची असेल तर 1 किलो 55 ग्रॅम. फरक 35 ग्रॅम, म्हणजे एका गोल्टी कांद्याएवढा. एवढ्याशा फरकावर आपली चाळ श्वास घेते.

कांदा जिवंत असतो. तो श्वास घेतो, उष्णता सोडतो, ओल सोडतो. ढिगातली गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि तळातून गार, जड हवा आत येते. लोक म्हणतात ओली हवा जड असते. उलट आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी, त्यामुळं कांद्याची ओलसर हवापण वरच निघायला बघते.

पण हा रेटा किती? तळापासून ढिगाच्या माथ्यापर्यंत सात फूट धरले, तर हवेच्या दाबातला फरक पाण्याच्या एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढासुद्धा भरत नाही. इतका नाजूक रेटा गोणपाट, पालापाचोळा किंवा माती आडवी आली तरी थांबतो. आराखड्यात तळाची मोकळी जागा असतेच, पण चाळ भरली की तिथं रिकामे कॅरेट, ठिबकच्या नळ्या, जुनी ताडपत्री जाऊन बसते. अनुदान टनावर ठरतं म्हणून ढीगपण पाच फुटांच्या वर चढवला जातो. ढीग जितका उंच, तितकी हवेची वाट अवघड.

आणखी एक गोष्ट. मे महिन्यात दुपारी बाहेर 40 अंश असतं आणि ढिगात त्यापेक्षा गार. तेव्हा प्रवाह उलटा फिरतो. ढिगातली जड हवा खाली उतरते आणि वरून पत्र्याखालची तापलेली हवा ढिगात ओढली जाते. म्हणून आढ्याला फट हवी आणि तिच्यावर पावसाची टोपी हवी. पत्र्याखालची गरम हवा तिथून निघून गेली पाहिजे.

कोणी म्हणेल, फट ठेवली तर पाऊस आत येतो. खरंय. म्हणून पत्रा भिंतीच्या पुढं जास्त काढा. पश्चिमेच्या बाजूला पडदा लावा, पण गुंडाळता येईल असा. पाऊस थांबला की पडदा वर. चार महिने बांधून ठेवलेला पडदा पावसाइतकंच नुकसान करतो. पंखा लावणाऱ्यांना माझा विरोध नाही, पण शेतातली वीज कधी असते हे सगळ्यांना माहीत आहे. गरम हवेला वर जायला वीजबिल लागत नाही.

तपासणी सोपी आहे. पहाटे वारा पडलेला असताना पेटती अगरबत्ती तळाच्या फटीपाशी धरा. धूर आत ओढला गेला तर चाळ श्वास घेतेय. धूर तिथंच घुटमळला किंवा बाहेर आला तर वाट कुठंतरी बुजलीय, आधी ती मोकळी करा. माझं तर म्हणणं आहे, अनुदानाच्या पाहणीतपण टनाबरोबर ही अगरबत्ती घ्यावी, आणि तीही चाळ भरल्यावर.

दोन क्विंटल कमी भरा, पण हवेला वाट ठेवा. सडून फेकायच्या कांद्यापेक्षा न भरलेला कांदा परवडतो, त्याचे निदान त्या दिवशीचे पैसे तरी होतात.

तुमच्या चाळीच्या आढ्याला फट आहे का? असेल तर किती ठेवलीय आणि पावसात काय अनुभव आला, ते नक्की सांगा.